०.०२ वरून ०.९: रेडिएशननंतर वर-खाली होणारा पीएसए कसा वाचायचा

तुम्ही दिलेली माहिती आधी एका जागी मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात चूक असेल तर तुम्हाला लगेच दिसेल. वडील ६९ वर्षांचे. साडेतीन वर्षांपूर्वी प्रोस्टेटचा कर्करोग निघाला, तेव्हा पीएसए (रक्तात मोजलं जाणारं प्रोस्टेटचं प्रथिन) ३८, ग्लीसन (पेशी किती आक्रमक दिसतात त्याचा १० पैकी गुण) ८, हाडांच्या स्कॅनमध्ये काही नाही. ऑपरेशन केलं नाही. रेडिएशन झालं आणि सोबत दोन वर्षं, दर तीन महिन्यांनी हॉर्मोनचं इंजेक्शन. शेवटचं इंजेक्शन घेऊन चौदा महिने झाले. इंजेक्शन चालू होतं तोवर पीएसए ०.०२. थांबल्यावर आधी ०.०२, मग ०.३, मग ०.९ आणि गेल्या आठवड्यात ०.६. या तपासण्या तीन वेगवेगळ्या लॅबमध्ये झाल्या. ओळखीच्या कुणीतरी सांगितलं की ०.२ च्या वर गेला म्हणजे आजार परतला. तुम्ही हिशेब केलात, ०.०२ चे ०.९ म्हणजे ४५ पट, आणि तेव्हापासून घरात कुणाची झोप नाही. इंजेक्शन लगेच सुरू करावं का, पेट स्कॅन करावा का, आणि बाबांना हा आकडा सांगावा का, हे तुमचे तीन प्रश्न.

मी रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट आहे, बावीस वर्षं हे रुग्ण बघते आहे. तुमच्या वडिलांना मी तपासलेलं नाही, त्यांची फाइल माझ्यासमोर नाही. त्यामुळे 'आजार परतला' किंवा 'परतलेला नाही' असं मी सांगणार नाही, आणि या पाच आकड्यांवरून ते दुसऱ्या कुणालाही सांगता येणार नाही. पण हे आकडे मी माझ्या टेबलावर कसे वाचले असते ते नक्की सांगू शकते.

पहिली गोष्ट, ०.२ ची कसोटी तुमच्या वडिलांना लागूच होत नाही. ती ज्यांची प्रोस्टेट ग्रंथी ऑपरेशनने पूर्ण काढली आहे त्यांच्यासाठी आहे. पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशींनी तयार केलेलं एक प्रथिन. वीर्य पातळ करणं हे त्याचं रोजचं काम, आणि ते चांगल्या पेशीही बनवतात, कर्करोगाच्याही. ग्रंथी काढून टाकली की बनवणारं कुणी उरत नाही. रक्तात आधीचं जे असतं ते दर दोन-तीन दिवसांनी निम्मं होत जातं, म्हणून दीड-दोन महिन्यांत आकडा यंत्राला दिसेनासा व्हायला हवा. अशा माणसाचा पीएसए ०.२ झाला आणि पुन्हा तपासूनही तेवढाच किंवा त्याहून जास्त आला, तर कुठेतरी पेशी उरल्या आहेत असं धरावं लागतं.

रेडिएशनमध्ये ग्रंथी जागच्या जागी राहते. कर्करोगाच्या पेशी मरतात, तेही एका दिवसात नव्हे, महिनोन् महिने. चांगल्या पेशींपैकी काही तगतात आणि थोडं पीएसए बनवत राहतात. म्हणून रेडिएशन घेतलेल्यांसाठी वेगळी कसोटी आहे. २००५ साली अमेरिकेत फीनिक्स शहरात झालेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत ती ठरली: उपचारानंतर पीएसए ज्या सर्वांत खालच्या आकड्यापर्यंत उतरला, त्यात २ मिळवायचे. त्याच्या वर गेला तर आजार परतला असं मानायचं. तुमच्या वडिलांच्या बाबतीत ही रेषा येते २.०२. आजचा आकडा आहे ०.६.

पण ही रेषा म्हणजे तोवर डोळे मिटून बसायची परवानगी नव्हे. ग्लीसन ८ असलेल्या माणसाचा पीएसए दर तपासणीला ठरल्यासारखा दुप्पट होत असेल, तर मी २ ची वाट बघत नाही, आधीच शोध सुरू करते.

आता तुमच्या ४५ पटीच्या हिशेबाकडे येते, कारण भीती तिथून आली आहे. ०.०२ हा आकडा इंजेक्शनने दाबून धरलेला होता. प्रोस्टेटच्या पेशी, चांगल्या असोत की वाईट, टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हॉर्मोनवर पोसतात. चार्ल्स हगिन्स या डॉक्टरांनी शिकागोत १९४१ साली हे दाखवून दिलं, पुढे १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, आणि आपण आजही देतो ती इंजेक्शनं त्याच तत्त्वावर चालतात: टेस्टोस्टेरॉन बंद करायचं, पेशींची उपासमार करायची. उपाशी पेशी पीएसए जवळजवळ बनवतच नाहीत. इंजेक्शन थांबलं, त्याचा अंमल ओसरला, टेस्टोस्टेरॉन परत येऊ लागलं, की उरलेल्या चांगल्या पेशीही पुन्हा थोडं पीएसए बनवू लागतात. आकडा शून्याजवळून उठतो, काही महिन्यांत एका पातळीवर येतो आणि तिथेच थोडा खाली-वर होत राहतो. दाबून धरलेल्या आकड्याची पट काढली की ती मोठीच येणार. त्या पटीवरून काहीही ठरवू नका.

म्हणून तुमचा प्रश्न वाचल्यावर मी आधी शोधला तो टेस्टोस्टेरॉनचा आकडा, आणि तो कुठेच नाही. सत्तरीच्या जवळचा माणूस, दोन वर्षं इंजेक्शनं, अशा वेळी टेस्टोस्टेरॉन परत यायला वर्ष-दीड वर्षसुद्धा लागतं. काहींचं पूर्ण परत येतच नाही. तुमच्या वडिलांचं या चौदा महिन्यांत कुठवर आलं आहे, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. ते वाढलं असेल, तर ०.३, ०.९, ०.६ ही माळ बरीचशी अपेक्षित आहे. ते अजून तळाशी असेल, म्हणजे ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली, आणि तरीही पीएसए चढत असेल, तर मात्र मी खुर्चीत पुढे सरकून बसेन. उपाशी ठेवूनही ज्या पेशी वाढतात त्यांचा अर्थ वेगळा असतो.

एककाकडे नीट बघा. काही लॅब टेस्टोस्टेरॉन नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात, काही प्रति मिलिलिटरमध्ये. एकीचं ५० म्हणजे दुसरीचं ०.५. गेल्याच महिन्यात एक कुटुंब घाबरंघुबरं होऊन आलं होतं, कारण वडिलांचं टेस्टोस्टेरॉन '३१० वरून ३.२ वर कोसळलं' होतं. ते कोसळलं नव्हतं. दोन्ही आकडे जवळपास एकच होते, फक्त लॅब बदलली होती. हे रक्त शक्यतो सकाळी द्यायचं, कारण दिवसभरात ते उतरत जातं.

रक्त द्यायच्या आधीच बाबांना एक साधी गोष्ट विचारा. इंजेक्शनच्या दिवसांत अंगातून अचानक वाफा निघाल्यासारखं होऊन घाम फुटायचा, तो थांबला का? अंगात पूर्वीसारखी ताकद वाटते का? टेस्टोस्टेरॉन परत येऊ लागलं की बहुतेकांना हे फरक जाणवतात. चाचणीची गरज त्याने संपत नाही, पण अंदाज येतो.

आता लॅब. तीन लॅबचे आकडे एका रांगेत लावून त्यांची तुलना करता येत नाही. यंत्रं वेगळी, त्यांची प्रमाणं वेगळी, आणि निव्वळ प्रमाणीकरणामुळे एकाच रक्ताचे आकडे वीस टक्क्यांच्या आसपास वेगळे येऊ शकतात. त्यातच एकाच माणसाचं, एकाच लॅबमध्ये, काहीही न बदलता पुन्हा तपासलेलं पीएसए पंधरा-वीस टक्के इकडे-तिकडे होतं. तुमचे ०.९ आणि ०.६ यांतला किती फरक खरा आणि किती यंत्रांचा, हे मला सांगता येत नाही. म्हणून ०.६ ला 'कमी झाला' म्हणून पेढे वाटू नका आणि ०.९ ला 'वाढला' म्हणून रडू नका. आणखी एक गोष्ट रिपोर्टवर बघा: '०.१ पेक्षा कमी' असं छापलेलं असेल, तर तो ०.१ नसतो. ते यंत्र त्याच्या खालचं मोजूच शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आधी ०.०२ आणि मग '०.१ पेक्षा कमी' आलं की पाचपट वाढ झाली असं समजणारी माणसं मला वर्षातून दोन-तीनदा तरी भेटतात.

आणि त्या आकड्याशेजारी छापलेली ० ते ४ ही 'नॉर्मल रेंज' पेनने खोडून टाका. खरोखर खोडा. ती उपचार न झालेल्या माणसांसाठी आहे. हे इतकं आग्रहाने सांगते, कारण एका रुग्णाबाबत ती रेंज फार महागात पडली. ऑपरेशन झालेला माणूस, बासष्ट वर्षांचा. दर तीन महिन्यांचे रिपोर्ट घरच्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट जपून ठेवले होते. मी ते टेबलावर तारखेने लावले: ०.१, ०.२, ०.४, ०.८, १.७. प्रत्येकावर लॅबने 'नॉर्मल' छापलेलं, म्हणून घरात सगळे निर्धास्त. पण दर तीन महिन्यांनी आकडा दुप्पट होत होता. ऑपरेशननंतर पीएसए असा वाढू लागला की त्या जागेवर रेडिएशन देऊन आजार आटोक्यात आणायची संधी असते, आणि ती ०.५ च्या आत असताना सर्वांत चांगली असते. आम्ही रेडिएशन दिलंच, पण मधले सहा-सात महिने हातातून गेले होते. ती पाच कागदांची रांग मला अजून डोळ्यांसमोर दिसते.

या दोन रांगा शेजारी ठेवून बघा. त्या माणसाची एकाच दिशेने, ठरावीक वेगाने दुप्पट होत जाणारी. तुमच्या वडिलांची उठून, वाकडी होऊन, परत खाली आलेली. वाढणाऱ्या कर्करोगाचा आकडा सहसा दुपटी-दुपटीने चढतो. जंतुसंसर्ग, यंत्र, टेस्टोस्टेरॉन यांच्यामुळे हलणारा आकडा बहुधा वर-खाली होतो किंवा एका जागी येऊन थांबतो. दुप्पट व्हायला लागणारा काळ एकाच लॅबचे, काही आठवड्यांच्या अंतराने घेतलेले निदान तीन आकडे हातात असले तरच काढता येतो. तो तीन महिन्यांच्या आत असेल तर मी घाई करते. नऊ-दहा महिन्यांच्या आत असेल तर गंभीरपणे पुढची तयारी करते. वर्षाच्या वर असेल तर बहुतेकदा घाईचं काही नसतं.

पीएसए तात्पुरता उडवणारी कारणंही विचारात घ्या. लघवीचा जंतुसंसर्ग झाला, लघवी तुंबून नळी घालावी लागली, दुर्बिणीतून तपासणी झाली, तर आकडा वर जातो आणि उतरायला सहा ते आठ आठवडे घेतो. माझ्या एका रुग्णाचा ०.८ वरून थेट ४.१ झाला होता. घरात रडारड. मी विचारलं, मधे काही झालं होतं का? सगळे म्हणाले, काही नाही. आजोबा हळूच म्हणाले, 'लग्नाला गावी गेलो होतो, तिथे लघवी अडकली, तालुक्याच्या डॉक्टरांनी नळी घातली होती दोन दिवस.' लघवीची तपासणी केली, अँटिबायोटिक दिलं, दोन महिन्यांनी पुन्हा रक्त घेतलं, ०.९ आला. रक्त देण्याआधीचे दोन दिवस संबंध आणि लांब सायकलिंगही टाळावं.

याच्या उलटही होतं. लघवीची धार सुधारण्यासाठी दिलेल्या फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइडच्या गोळ्या पीएसए कमी दाखवतात, म्हणून वडील त्या घेत असतील तर डॉक्टरांना सांगा. केसांसाठी-नखांसाठी मिळणाऱ्या जास्त मात्रेच्या बायोटिनच्या गोळ्या काही यंत्रांना फसवून आकडा खोटा कमी दाखवू शकतात. अशा गोळ्या चालू असतील तर किती दिवस आधी थांबवायच्या ते लॅबला विचारा.

रेडिएशननंतर आणखी एक प्रकार दिसतो, त्याला आम्ही 'बाउन्स' म्हणतो. उपचारानंतर साधारण एक ते तीन वर्षांत पीएसए थोडा उसळी घेतो आणि काहीही न करता परत उतरतो. ग्रंथीत किरणोत्सर्गी दाणे बसवून दिलेल्या उपचारात आणि तरुण रुग्णांत तो जास्त दिसतो. तुमच्या वडिलांच्या बाबतीत माझं झुकतं माप टेस्टोस्टेरॉनकडे आहे, बाउन्सकडे कमी.

तर इंजेक्शन लगेच सुरू करावं का? माझ्या हातात असतं तर आज नाही. इंजेक्शन दिलं की आकडा हमखास उतरेल आणि सगळ्यांना हायसं वाटेल. पण तो आजार असल्यामुळे चढला होता की नव्हता, हे पुढचे कित्येक महिने कळणार नाही. त्याची किंमत तुमचे वडील भरतील: हाडं ठिसूळ होणं, स्नायू कमी होणं, पोट सुटणं, साखर वाढणं, मन उदास राहणं. गरज असेल तेव्हा ही किंमत मी निःसंकोच मोजायला लावते. घरच्यांची भीती घालवण्यासाठी नाही.

पीएसएमए पेट स्कॅन, म्हणजे प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशी अंगात कुठे आहेत ते शोधणारा स्कॅन, ही फार उपयोगाची तपासणी आहे, आता मुंबई-पुण्याबरोबर इतरही शहरांत होते. पण आकडा जितका कमी तितकी काही सापडायची शक्यता कमी. ०.६ वर स्कॅन कोरा आला तर तुम्हाला खात्री मिळणार नाही, आणि खर्च मात्र होईल. आधी टेस्टोस्टेरॉन, मग एकाच लॅबमध्ये आठ ते बारा आठवड्यांच्या अंतराने दोन पीएसए. ते दुपटी-दुपटीने चढत चालले, तर २ ओलांडण्याची वाट न बघता स्कॅनचं बोलणं काढा. ०.५ ते १ च्या आसपास रेंगाळले, तर तपासण्यांचं अंतर ठेवून चालू ठेवा. तुमच्या डॉक्टरांचं मत याहून वेगळं असेल तर त्यांना कारण विचारा. त्यांच्याकडे फाइल आहे, माझ्याकडे नाही.

ज्यांचा आजार हाडांत पसरलेला आहे आणि इंजेक्शन किंवा गोळ्या चालूच आहेत, त्यांच्यासाठी वरचा बराच भाग लागू नाही. त्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. नवं औषध किंवा केमो सुरू झाल्यावर पहिल्या बारा आठवड्यांत पीएसए कधी कधी आधी चढतो आणि मग उतरतो, तेवढ्यावरून औषध बदलू नये. आणि इंजेक्शनची तारीख चुकली होती का ते बघावं. पाऊस, सुगी, घरातलं कार्य, यात तीन महिन्यांचं इंजेक्शन चार-पाच महिन्यांवर गेलेलं मी अनेकदा पाहिलं आहे. मधल्या काळात टेस्टोस्टेरॉन वर आलेलं असतं.

एका गोष्टीत मात्र कुणीही, तुमच्या वडिलांनीसुद्धा, आकड्याची वाट बघायची नाही. पाठीत नवं, रात्री झोपू न देणारं दुखणं, पायांतली ताकद जाणं, पाय बधिर होणं, अचानक लघवी बंद होणं. पीएसए कितीही कमी असला तरी त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात जायचं. काही कर्करोग पीएसए फारसं न बनवता वाढतात, आणि मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आला तर काही तासांचाही फरक पडतो.

राहिला बाबांचा प्रश्न. माझ्या खोलीत हे नेहमी घडतं: तपासणी झाली की मुलगा म्हणतो, 'बाबा, तुम्ही जरा बाहेर बसा.' एकदा एक निवृत्त एसटी ड्रायव्हर आजोबा दारापर्यंत गेले आणि परत वळले. 'मॅडम, किती आला? पोरं सांगत नाहीत, म्हणजे वाईटच असणार.' आकडा ०.४ होता, वर्षभर तेवढाच होता. मी त्यांना तो सांगितला, मागचे चारही वाचून दाखवले. ते परत येऊन खुर्चीवर बसले आणि मुलाला म्हणाले, 'मग तोंड पाडून कशाला हिंडत होतास रे?' बाबांना सांगा. रक्त त्यांच्याच हातातून काढतात, घरातली कुजबुज त्यांना कळते, आणि न सांगितलेला आकडा ते मनात ०.६ पेक्षा कितीतरी मोठा धरून बसले असतील. वर लिहिलंय तसंच सांगा: आकडा थोडा हलला आहे, कारणं बरीच असू शकतात, दोन महिन्यांनी पुन्हा बघायचं आहे.

एक वही करा आणि ती त्यांनाच लिहू द्या. तारीख, लॅब, पीएसए, टेस्टोस्टेरॉन, शेवटच्या इंजेक्शनची तारीख, मधल्या काळात ताप किंवा लघवीचा त्रास झाला का. पुढचे दोन्ही आकडे आले की इथे लिहा, मी बघेन. टेस्टोस्टेरॉनचं एकक लिहायला विसरू नका.